कोबसची बहीण

वेस्टरहूक गावात क्रिना पाडमोसचं नाव निघालं की जुनी माणसं आधी हसायची आणि मग एकदम गप्प व्हायची. हसायची ती तिच्या लहानपणच्या उचापती आठवून. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना पुढच्या बाकावरच्या बाईंच्या टोपीची नाडी तिने बाकालाच बांधून ठेवली होती. प्रार्थनेला सगळे उठले, बाई उठल्या, टोपी मात्र बसूनच राहिली. एकदा तिने पाद्रीबाबांच्या बोकडाला वडिलांचा काळा कोट घालून भर रविवारी समुद्राच्या बांधावरून फिरवलं होतं. पुढचे दोन दात पडलेली, गुडघे कायम खरचटलेले, लाकडी जोडे खटाखट वाजवत पळणारी ही पोरगी समोरून आली की बायका वाळत घातलेले कपडे आधी मोजून घ्यायच्या.

आणि गप्प व्हायची ती मारीनसाठी. मारीन तिचा धाकटा भाऊ. सहा वर्षांचा, शांत, नाक सतत गळणारा. बहिणीच्या मागे मागे असायचा आणि प्रत्येक उचापत संपली की विचारायचा, "क्रिना, आता काय करायचं?"

वडील हुब्रेख्ट बांधाजवळच्या मोठ्या शेतावर मजुरीला जात. आई नेला गावच्या शाळेची फरशी धुवायची. घर शेतमालकाचंच, बांधाच्या पायथ्याशी, भिंती एका विटेच्या.

त्रेपन्न सालच्या फेब्रुवारीत समुद्र बांध फोडून आत आला, तेव्हा त्या भिंतींनी टिकवता येईल तेवढं टिकवलं. पाणी उजाडायच्या आतच घरात शिरलं होतं. उजाडलं तेव्हा चौघं माळ्यावर बसून होती. रविवार होता, म्हणून नेलाच्या चर्चच्या झग्याच्या खिशात प्रवचनाच्या वेळी चघळायच्या पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. तिने सगळ्यांना एकेक दिली.

"आज प्रवचन नाही," ती म्हणाली, "पण गोळी आहे."

मारीन हसला. क्रिनाने स्वतःची गोळी कडाकडा चावून संपवली आणि त्याची मागितली. त्याने अर्धी चघळलेली तोंडातून काढून दिली.

दुपारी दुसरी भरती आली, सकाळपेक्षा उंच. समुद्राकडची भिंत बसली. माळा हलायला लागला तशी चौघं कौलांवर चढली. मालकाचं पक्क्या विटांचं घर समोरच होतं, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. तिथल्या छपरावर माणसं दिसत होती. तेवढ्यात मालकाच्या गोठ्याचं भलंमोठं दार तरंगत आलं आणि त्यांच्या वळचणीला अडकलं. हुब्रेख्टने त्याला दोरी बांधली. पोरांना एकेक करून पलीकडे न्यायचं ठरवलं.

"मी पहिली!" क्रिना ओरडली.

"धाकटा पहिला," वडील म्हणाले. त्यांनी मारीनला दारावर बसवलं, त्याचे दोन्ही हात दाराच्या आडव्या फळीवर ठेवले. "घट्ट धर. हलू नकोस. काही झालं तरी बसून राहा."

मग ते स्वतः वळचणीला धरून छातीपर्यंत पाण्यात उतरले. मध्येच एक लाट आली. ती गेली तेव्हा वडील वळचणीला लोंबकळत होते, हातात दोरी होती, आणि दोरीला काहीच नव्हतं. दार बांधाच्या कडेकडेने निघालं होतं. मारीन वडिलांनी सांगितलं होतं तसा बसून होता. नेला हाका मारत होती, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही. हलायचं नाही, असं सांगितलं होतं ना. बांध जिथे वळतो तिथे दार वळलं आणि दिसेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी मासेमारांच्या एका नावेने तिघांना उतरवून घेतलं. मारीन सापडला नाही. त्या वर्षी नाही, पुढेही नाही. चर्चच्या आवारात बुडालेल्यांच्या नावांचा दगड उभा राहिला, त्यात त्याचं नाव खालच्या ओळींत आलं.

वर्षभराने कुटुंब गावी परतलं. नॉर्वेहून भेट आलेल्या लाकडी घरांपैकी एक त्यांना मिळालं. घर नवं, ऊबदार, वासाला गोड. पण शेतात मीठ बसलेलं होतं आणि हुब्रेख्टच्या तोंडातही जणू तेच बसलं होतं. बांध दुरुस्तीच्या कामाला तो जायचा, यायचा, जेवायचा. मुलाचं नाव त्याने पुन्हा कधी घेतलं नाही. काही वर्षांनी छातीच्या दुखण्याने गेला.

शाळेत आलेडा टेरफोर्ट नावाच्या तरुण बाई होत्या. पुराच्या वेळी त्या आईवडिलांकडे दूर हार्लेम शहरात गेल्या होत्या म्हणून वाचल्या. परत आल्या तेव्हा वर्गात रिकामी बाकं होती. बाईंनी ती हलवू दिली नाहीत, म्हणाल्या, "जागा आहेत त्यांच्या." पोरांना त्या आवडायच्या, कारण शुक्रवारचा शेवटचा तास त्या गणिताला न देता गोष्टीला द्यायच्या. पुस्तकातली नाही, स्वतःची. खिडकीच्या कट्ट्यावर बसून पाय हलवत सांगायच्या.

अशाच एका शुक्रवारी त्यांनी सुरुवात केली. "एक होता कोबस. तो एका गोठ्याच्या दारावर बसला होता आणि दार समुद्रात चाललं होतं. त्याला एक मोठी बहीण होती, फीन नावाची. फीन म्हणजे कोण, ज्या कार्टीने एकदा चर्चमध्ये एका बाईंची टोपी बाकाला बांधली..."

सगळा वर्ग मागे वळून क्रिनाकडे बघायला लागला. कुणीतरी खुदकन हसलंही.

क्रिना उभी राहिली. "त्याचं नाव कोबस नाही," ती म्हणाली.

"क्रिना, बाळ, ही गोष्ट..."

"त्याचं नाव मारीन आहे. आणि तो बुडालाय."

ती वर्गाबाहेर गेली आणि कोट टांगायच्या बोळात जाऊन बसली. त्यानंतर दर शुक्रवारी गोष्टीचा तास सुरू झाला की ती आपणहून उठायची आणि तिथेच जाऊन बसायची, ओल्या कोटांच्या खाली, कानात बोटं घालून. बाईंनी तिला कधी अडवलं नाही, आणि गोष्टही कधी थांबवली नाही.

क्रिना शाळा सोडून गावच्या बेकरीत कामाला लागली, त्याच सुमारास बाई गाव सोडून हार्लेमला गेल्या. नंतरच्या हिवाळ्यात पुस्तक आलं: *कोबस आणि गोठ्याचं दार*. मुखपृष्ठावर दारावर बसलेला मुलगा, आणि छपरावर उभी राहून मुठी आवळून ओरडणारी, दोन दात पडलेली मुलगी. पुस्तकात कोबस दारावरून जातो ते थेट दूर उत्तरेला. एक सील त्याला वाट दाखवतो, दीपगृहावरची म्हातारी त्याला महिनाभर लापशी खाऊ घालते, कोळशाच्या बोटीवरचा रागीट खलाशी त्याला शिट्टी वाजवायला शिकवतो. वसंतात बांधाला नवं गवत फुटतं तेव्हा तो शिट्टी वाजवत घरी येतो. फीन त्याला बघते आणि पहिलं काय करते, तर त्याच्या मुस्कटात मारते, उशीर केला म्हणून.

सगळ्या देशाने ते पुस्तक डोक्यावर घेतलं. पोरांना भेटी देणाऱ्या सिंटरक्लासच्या सणाला घरोघरी पोरांच्या जोड्यात त्याच्या घोड्यासाठी गाजर, आणि सकाळी तिथे संत्रं आणि कोबस. टेरफोर्ट बाईंनी पुढे पुष्कळ लिहिलं, पण लोकांनी त्यांना ओळखलं ते कोबसच्या बाई म्हणून.

नेलाने एक प्रत आणली आणि कपाटावर, देवाच्या पुस्तकाच्या शेजारी ठेवली. पाद्रीबाबा भेटीला आले तेव्हा ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

"नेला, हे इथे बरं दिसत नाही हो. यात लिहिलंय ते खरं नाही."

"कॉफी घ्या," नेला म्हणाली.

"घेतो. पण मुलगा देवाघरी आहे, हे मनाने मान्य करायला हवं."

"पाद्रीबाबा, माशाच्या पोटात गेलेला माणूस सुखरूप बाहेर आला, हे तुम्ही चर्चमध्ये उभं राहून सांगता. मी कधी तुम्हाला विचारलं का, मासा कुठल्या जातीचा होता म्हणून? माझा पोरगा पुस्तकात घरी आला तर येऊ द्या की."

पाद्रीबाबांनी कॉफी संपवली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. स्वयंपाकघरात क्रिना भांडी आपटत होती. तिला पाद्रीबाबांचं पटलं होतं, आणि त्यांचं पटावं याचाच राग आला होता. बाईंनी तिचे पडलेले दात घेतले, तिच्या उचापती घेतल्या, वर तिचा भाऊ घेतला आणि त्याला दुसरंच नाव दिलं. आणि आईने ते सगळं देवाशेजारी मांडलं! तिने पुस्तकाचं पहिलं पान उलटलं होतं. दुसरं कधी उलटलं नाही.

बेकरीवाल्याचा मुलगा इझाक तिच्यासारखाच तोंडाळ होता, म्हणून दोघांचं जमलं. लग्न झालं, बेकरी त्यांच्याकडे आली. तिथले बोलस, म्हणजे दालचिनीचे चिकट गोड पाव, पार झीरिकझे शहरापर्यंत प्रसिद्ध झाले. पण उन्हाळा आला की बोलसपेक्षा जास्त गिऱ्हाईक कोबसचं. गाड्या भरभरून कुटुंबं येत, बांधाचं वळण बघत, आणि कुणीतरी त्यांना सांगायचंच की फीन बेकरीत असते.

"ताई, तुम्हीच फीन ना?" मुलं काउंटरवर नाक टेकवून विचारायची.

"नाही. फीन पुस्तकात असते. मी पाव विकते."

"मग कोबस कुठाय?"

"बोलस पाहिजेत का पाव, ते बोला."

आईबाप ओशाळून दोन पाव जास्त घ्यायचे. इझाक भट्टीच्या दारातून हे बघायचा. एक दिवस त्याने धीर केला.

"क्रिना, रागावणार नसशील तर एक बोलू का?"

"म्हणजे रागावण्यासारखंच आहे. बोल."

"अगं, चौकोनी बिस्किटं करू या. दारासारखी. वर साखरेचा एक छोटा पोरगा बसवायचा. पोरं तुटून पडतील बघ."

क्रिनाने हातातलं पीठ खाली ठेवलं. "आणि पोरं त्याला खाणार कुठून? डोक्याकडून का पायाकडून?"

इझाकचा चेहरा पांढरा पडला. तो माणूस वाईट नव्हता, त्याला सुचलं ते भट्टीकडे बघता बघता, निव्वळ बेकरीवाला म्हणून सुचलं होतं. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाने कोबसचा क काढला तरी तोच पुढे होऊन म्हणायचा, "बोलस गरम आहेत, घ्या आधी."

त्यांना मुलगी झाली, लेना. बेकरीचं काम पहाटेचं, म्हणून लेना बहुतेक आजीकडेच वाढली. क्रिना तिला घ्यायला जायची तेव्हा नेला आणि लेना खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसलेल्या असायच्या. क्रिना काही बोलायची नाही. आईच्या घरात आईची मर्जी.

लेना पाच वर्षांची झाली. वाढदिवसाला नातेवाईक खुर्च्यांचं कडं करून बसले होते, केक कापून झाला होता. लेनाने एक तुकडा बाजूला काढून बशीने झाकला.

"तो कुणाला गं?" इझाकने विचारलं.

"मामाला."

"कुठला मामा?"

"कोबसमामा. आजी म्हणते तो गवत उगवलं की येतो. आई, आपल्याकडे का येत नाही तो? तू त्याला मारतेस म्हणून?"

खुर्च्यांवरची माणसं कपात बघायला लागली. नेला उठून केकच्या बश्या गोळा करू लागली. क्रिनाने लेनाला उचललं, मागच्या खोलीत नेलं. मामा मेला म्हणावं तर पोर आजीला खोटारडी म्हणेल. येईल म्हणावं तर आपणच खोटं बोलू. तिने लेनाच्या बोटांचं क्रीम पुसलं. पुन्हा पुसलं.

त्याच आठवड्यात, बेकरी बंद असते त्या दिवशी, तिने चर्चचा कोट घातला आणि इझाकला म्हणाली, "मी हार्लेमला जाते."

"बाईंकडे?"

"बाईंकडे."

"शिव्या देणार आहेस?"

"अजून ठरलं नाही."

"मग बोलस घेऊन जा. शिव्या दिल्यास तर बोलस परत आण."

टेरफोर्ट बाई कालव्याकाठच्या एका अरुंद घरात एकट्या राहत होत्या. केस पांढरे व्हायला लागले होते, चष्मा आला होता, पण खुर्चीच्या कडेवर बसून पाय हलवायची सवय तीच होती. त्यांनी दार उघडलं, क्रिनाकडे पाहिलं आणि कोण म्हणून विचारलं नाही.

"ये. मला वाटलं होतं तू आधी येशील."

कॉफी आली. बिस्किटांचा डबा आला, आणि बाईंनी एकेक बिस्किट झाल्यावर रिवाजाप्रमाणे झाकण लावलं नाही, तो तसाच उघडा ठेवला. म्हणजे बाईंनाही ठाऊक होतं, हे लवकर आटोपणारं नाही.

वाटेत जुळवलेलं सगळं क्रिना विसरली. "माझी मुलगी केकचा तुकडा ठेवते," ती म्हणाली. "बुडालेल्या माणसासाठी. तुम्ही केलंत हे. तुम्हाला कुणी सांगितलं होतं त्याला परत आणायला?"

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुझ्या आईने."

क्रिनाला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"तू शाळा सुटल्यावर घरी पळायचीस. नेला फरशी धुवायला यायची. एक दिवस ती बादली ठेवून माझ्यासमोरच्या बाकावर बसली. त्याच्याच बाकावर. म्हणाली, 'बाई, तो वळणापर्यंत बसलेला होता. मी पाहिलंय. त्याच्यापुढचं मला दिसत नाही. डोळे मिटले की दार वळणापर्यंत येतं आणि तिथेच थांबतं, रोज. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला गोष्टी येतात. तुम्ही सांगा, तो पुढे कुठे गेला.'"

"आणि तुम्ही सांगितलंत."

"मला काय सांगावं ते कळेना. मी म्हटलं, पुढे एक सील आला. ती म्हणाली, 'बरं, मग?' आठवडाभर मी तिला सांगायचे आणि शुक्रवारी तेच वर्गाला. ती मला दुरुस्त करायची. मी दीपगृहावरच्या म्हातारीकडून त्याला मासे खाऊ घातले, तर म्हणाली, 'मासे तो खात नाही हो, काटा अडकतो त्याच्या घशात. लापशी द्या, वर काकवी घाला.' मी म्हटलं तो खलाशाबरोबर शिट्टी वाजवतो, तर म्हणाली, 'त्याला येत नाही शिट्टी.' मी म्हटलं शिकेल. तेव्हा ती पहिल्यांदा हसली." बाईंनी चष्मा काढला. "तू मुस्कटात मारतेस, तेही तिचंच. मी मिठी मारायला लावली होती. ती म्हणाली, 'आमची क्रिना? मिठी? ती आधी फाडकन एक ठेवून देईल.'"

क्रिनाला हसू आलं आणि त्या हसण्याचाच तिला संताप आला.

"आणि मी?" ती ओरडली. "मला कुणी विचारलं? मी तिथे कोटांखाली बसून होते, बाई! त्या छपरावर मीही होते. मी म्हटलं होतं मी पहिली. मी गेले असते तर पुस्तक फीनचं झालं असतं, आणि मारीन आज बेकरीत असता. माझ्यासाठी लिहिलंत का तुम्ही काही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुला विचारायला हवं होतं. दरवाजाबाहेर येऊन तुझ्या शेजारी बसायला हवं होतं. मला तुझी भीती वाटायची, क्रिना. नऊ वर्षांच्या मुलीची. कारण तू म्हणायचीस तेच खरं होतं."

खाली कालव्यातून एक बोट गेली. मग बाईंनी विचारलं, "आता मी काय करू?"

क्रिनाने नाक पुसलं. "शाळेत या. माझी लेना बसते त्या वर्गात. आणि तुमच्या तोंडाने सांगा की मारीन आला नाही."

"आणि नेला?"

"आईचं मी बघते," क्रिना म्हणाली, पण ते कसं बघायचं ते तिला मुळीच माहीत नव्हतं. बोलसची पिशवी ती टेबलावर ठेवून आली.

बाई महिन्याभरातच आल्या. शाळा नवी होती, बाकं नवी, पण शुक्रवारचाच शेवटचा तास त्यांनी मागून घेतला. कोबसच्या बाई येणार म्हणून अर्धं गाव भिंतीला टेकून उभं. इझाक भट्टी सोडून आला होता, बाहीला पीठ तसंच. आणि मागच्या रांगेत, पोरांच्या छोट्या खुर्चीवर, चर्चचा काळा झगा घालून नेला बसली होती. क्रिनाने तिला यायला नको म्हटलं होतं. "का नको?" एवढंच तिने विचारलं होतं.

बाईंनी पुस्तक उघडलं. वळणापर्यंत वाचलं. दार वळलं तिथे त्यांनी पुस्तक मिटलं.

"मुलांनो, इथपर्यंतचं खरं आहे. कोबसचं खरं नाव मारीन पाडमोस. तो याच शाळेत होता. तो वळणापर्यंत दारावर बसलेला होता, आणि त्यानंतर त्याला कुणीही पाहिलं नाही. तो बुडाला. चर्चजवळच्या दगडावर त्याचं नाव आहे. पुढचं सगळं मी रचलं."

लेनाने गर्रकन वळून आजीकडे पाहिलं. मग पुढच्या रांगेतली केस चापूनचोपून विंचरलेली एक मुलगी तक्रारीच्या सुरात म्हणाली, "पण मग लापशी कुणी खाल्ली?"

मागून नेला म्हणाली, "कुणी नाही गं. मी करायचे, आणि ती थंड व्हायची."

क्रिनाने आईकडे पाहिलं. आई रडत नव्हती, घाबरलीही नव्हती. तिने हात करून लेनाला बोलावलं आणि लेना जाऊन तिच्या मांडीवर बसली.

"आजी, तू म्हणालीस तो येतो."

"पुस्तकात येतो. मी म्हटलं नव्हतं का, पुस्तकात?"

"नव्हतं म्हटलंस!"

"मग माझं चुकलं," नेला म्हणाली. "पुढच्या वेळी म्हणेन."

घरी जाताना दोघी मायलेकी बांधावरून चालल्या. लेना पुढे पळत होती. क्रिनाला राहवलं नाही.

"आई, मला वाटायचं तुला ते खरंच वाटतं."

नेला थांबली. "मी काय वेडी आहे? दर रविवारी त्या दगडावर मी त्याचं नाव वाचते. पावसाने शेवाळ धरलं की नखाने काढते. कुणाला माहीत असणार मला नाही तर?"

"मग इतकी वर्षं ते पुस्तक..."

"अगं, तुझा बाप बोलायचा नाही. तू बोलायची नाहीस, नुसती भांडी आपटायचीस. गावातली माणसं मी दिसले की रस्ता बदलायची, उगाच दुखवायला नको म्हणून. त्या पुस्तकात तेवढं त्याच्याबद्दल कुणीतरी बोलायचं. तो काय खातो, त्याचे पाय ओले आहेत का, बोटांमधली जागा पुसली का. मी तिथे जाऊन बसायचे, झालं. तू तुझ्या कोटांखाली, मी तिथे."

क्रिना पुन्हा चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर तिने आईच्या हाताखाली हात घातला. वारा समोरून होता, म्हणून दोघी वाकूनच चालल्या.

त्या रात्री नव्हे, आणखी कितीतरी दिवसांनी, एका मोकळ्या दुपारी क्रिनाने पुस्तकाचं दुसरं पान उलटलं. सगळं वाचायला तिला संध्याकाळ झाली. दीपगृहावरची म्हातारी कोबसचे पाय पुसताना म्हणते, "बोटांमधली जागा, बोटांमधली, तिथेच सर्दी बसते," तिथे ती थांबली. हे वाक्य तिने लहानपणी आईकडून हजारदा ऐकलं होतं आणि हजारदा पाय ओढून घेतला होता. मुस्कटात मारायच्या जागी आली तेव्हा ती इतकी मोठ्याने हसली की इझाक धावत आत आला.

"काय झालं?"

"काही नाही. कार्टी आहे ती फीन," क्रिना म्हणाली.

बाई अधूनमधून येऊ लागल्या, आणि दर फेब्रुवारीत शाळेत तसंच वाचून दाखवू लागल्या. बेकरीच्या मागच्या खोलीत नेला, बाई आणि क्रिना बसायच्या. क्रिना बाईंवर मधूनच उखडायची, बाई ऐकून घ्यायच्या. माफ केलं असं तिने कधी म्हटलं नाही आणि बाईंनीही मागितलं नाही. नेला थकली, डोळ्यांनी दिसेना, तेव्हा क्रिनाच तिला वाचून दाखवायची. एकदा वाचता वाचता ती वळणापाशी थांबली तर आंधळी म्हातारी म्हणाली, "का थांबलीस? पुढे सील आहे." नेला गेली ती शांतपणे, झोपेत. काही वर्षांनी बाईही गेल्या. देशभरच्या शाळांमध्ये त्यांचं नाव घेतलं गेलं, वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं लिहिली. कुठल्यातरी वार्ताहराने बेकरीत फोन केला.

"तुम्हीच ना कोबसची बहीण? बाईंचा वारसा काय, असं तुम्हाला वाटतं?"

"मारीनची बहीण," क्रिना म्हणाली. "आणि वारसा वगैरे मला कळत नाही. त्यांना गोष्ट सांगता यायची आणि सांगितलेलं ऐकून घेता यायचं. दुसरं जास्त कठीण."

त्यानंतरच्या फेब्रुवारीत शाळेतून विचारणा झाली की आता वाचणार कोण. क्रिनाने एप्रन काढला आणि गेली. तेव्हापासून दर वर्षी तीच जाते. बेकरी लेना चालवते, इझाक आता नाही. क्रिना वळणापर्यंत वाचते. मग पुस्तक मिटून मारीनचं सांगते: नाक कसं गळायचं, गोळी तोंडातून काढून कशी दिली, दगडावर नाव कुठे आहे. मुलांना प्रश्न विचारू देते, कितीही आणि कसलेही. मग विचारते, "पुढचं वाचू का? पुढचं रचलेलं आहे, आधीच सांगते." आजवर एकाही वर्गाने नको म्हटलेलं नाही.

मागच्या वर्षी वाचून झालं, कोबस शिट्टी वाजवत घरी आला, मुस्कटात बसली, पोरं खिदळली. खिडकीपाशी बसलेल्या एका मुलाने हात वर केला.

"आजी, पुढे फीनचं काय झालं? ती मोठी झाल्यावर? ते पुस्तकात नाहीच."

क्रिनाने चष्मा खाली केला. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"खरंच नाही," ती म्हणाली. "बाईंनी लिहायचं राहिलं."

"मग तुम्ही सांगा."

तास संपायला अजून वेळ होता. शिक्षिकेने मान हलवून हो म्हटलं. ऐंशीची क्रिना पाडमोस काठीच्या आधाराने उठली, खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन टेकली आणि म्हणाली, "फीन मोठी झाली, पण सुधारली मात्र नाही. तिने एका बेकरीवाल्याशी लग्न केलं. तोही तसलाच होता, तोंडाळ. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात दोघं भांडत बसले आणि भट्टीतले सगळे बोलस जळून कोळसा झाले. आता त्या जळक्या बोलसचं त्यांनी काय केलं, ते ऐका..."